बाबा, महाड आणि चौथी खाच

पुण्याहून महाडला कसं जावं, असं मी डिसेंबरच्या सुरुवातीला तीन जणांना विचारलं. ऑफिसातला मित्र म्हणाला, एसटीने जा. शेजारच्या काकू म्हणाल्या, "वडील आहेत ना बरोबर? मग सरळ गाडी करून जा." आमच्या सोसायटीचा वॉचमन म्हणाला, "कशाला जायचं?" मी मोटरसायकलने जाणार आहे असं सांगितल्यावर मात्र तिघांनीही एकच प्रश्न विचारला. "चालवणार कोण?"

मी. मी चालवणार होते आणि बाबा मागे बसणार होते.

मी मूळची नागपूरची. हिंजवडीतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत काम करते आणि वारज्यात भाड्याच्या फ्लॅटमध्ये एकटी राहते. बाबा रेल्वेत वॅगन फिटर होते. मालगाडीच्या डब्यांखाली झोपून त्यांनी उभं आयुष्य काढलं. आई जाऊन दोन वर्षं झाली, तेव्हापासून ते नागपूरच्या घरी एकटेच असतात. "माझ्याकडे या" म्हटलं की उत्तर ठरलेलं: "मी मजेत आहो. दोन्ही टाइम जेवतो, सकाळी फिरतो. तिथं येऊन तुझ्या चौथ्या मजल्यावरून खाली पाहत बसू का?"

या वेळी आठ दिवसांसाठी येतो म्हणाले. येण्याआधी परतीचं तिकीट काढून ठेवलं होतं आणि फोनवर ते मला दोनदा वाचूनही दाखवलं. तेव्हाच मी डाव रचला. चवदार तळं एकदा डोळ्यांनी पाहायचं, हे बाबांचं वाक्य मी फ्रॉकमध्ये असल्यापासून ऐकत आले आहे. त्यांना तिथे न्यायचं, माझ्या गाडीवर न्यायचं, आणि वाटेत कुठेतरी ते खुशीत असताना म्हणायचं, बाबा, आता राहाच. ते तिकीट फाडायला लावायचं, एवढाच या प्रवासाचा हेतू. बाकी वर्णन ओघाने येईल ते येईल.

वारजे, गुरुवार

अडचण एकच होती. माझी गाडी माणसात नव्हती.

महिन्यापूर्वी एका कोपऱ्यावरच्या मेकॅनिककडे गेले आणि पुण्यात प्रत्येक जण म्हणतो तेच मीही म्हणाले: "मागचे शॉकॉप जरा कडक करा." त्याने शेवटच्या खाचेपर्यंत कडक करून दिले. मला फार बरं वाटलं. आठवड्याने मैत्रिणीला मागे बसवून खडकवासल्याला निघाले, तर एका वळणावर बारीकसा खड्डा लागला, मागचं चाक टुणकन उडालं आणि आम्ही सरळ समोरच्या बाजूला. समोरून येणाऱ्या टेम्पोवाल्याने ब्रेक मारला म्हणून हे लिहिते आहे. त्याने माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि तो योग्यच होता.

म्हणून बाबा यायच्या आदल्या दिवशी मी जोगळेकरांकडे गेले. जोगळेकर म्हणजे वारज्याच्या जुन्या भागातल्या एका गिरणीशेजारचं गॅरेज आणि त्यात स्टुलावर बसलेले एक साठीचे गृहस्थ. बाहेर पाटी होती: ‘कडक करा असे सांगू नये.’

मी पाटी वाचलीच नाही. "अहो काका, मागे वडील बसणार आहेत, घाट आहे, तर जरा कडकच..."

"कडक चहा समोरच्या टपरीवर मिळतो," ते म्हणाले. "इथे गाडीची बैठक बघून मिळते."

बैठक हा त्यांचा खास शब्द. माणूस गाडीवर बसला की गाडीही थोडी खाली बसते, ती तिची बैठक. "आपल्याला वाटतं स्प्रिंग उंचवट्यासाठी असते," ते म्हणाले. "उंचवटा कोणीही सोसेल. खड्डा आला की चाकाने खाली उतरून त्याला भेटायला नको का? गाडी मुळात बसलेलीच नसेल तर चाक खाली उतरणार कुठून? मग ते हवेत राहतं. हवेत चाक वळत नाही. आपण वळतो, थेट दवाखान्यात."

हे ऐकून मला एवढा आनंद झाला की काय सांगू! चार वर्षं गाडी चालवत होते आणि खड्ड्याची बाजू मला कोणी समजावलीच नव्हती.

त्यांनी पुढच्या चाकाच्या दांड्यांतलं जुनं तेल काढलं. ते काळं झालं होतं आणि त्याला कुबट वास येत होता. नवं मोजून भरलं. मग मागे आले. मागच्या प्रत्येक स्प्रिंगखाली एक फिरती रिंग असते आणि तिला पाच खाचा असतात. पहिली सर्वांत मऊ, पाचवी सर्वांत कडक. आधी गाडी उचलून त्यांनी मागच्या चाकाच्या मध्यापासून सीटखालच्या खुणेपर्यंत टेप लावला. मग मला बसवलं.

"दोघं बसल्यावर गाडी तीन बोटं खाली यायला हवी. दोन आली तर कडक, चार आली तर ढिली. वडील कुठे आहेत?"

"ते उद्या येणार. आत्ता ट्रेनमध्ये चढत असतील."

"मग वजन विचारा त्यांचं."

मी फोन लावला. मागे स्टेशनचा गोंगाट. "बाबा, तुमचं वजन किती?"

"अडुसष्ट," बाबा क्षणाचाही विचार न करता म्हणाले. "कायले पाहिजे?"

"गाडीला पाहिजे."

"लिहून घे. अडुसष्ट किलो."

जोगळेकर उठले, गिरणीत गेले आणि पन्नास किलोचं गव्हाचं पोतं हमालाच्या खांद्यावरून घेऊन आले. वर अठरा किलोची एक पिशवी. दोन्ही मागच्या सीटवर दोरीने बांधली आणि मला पुढे बसायला सांगितलं. येणारे-जाणारे थांबून बघायला लागले. "हलू नका," जोगळेकर टेप घेऊन खाली वाकत म्हणाले, "आणि वडिलांना नीट धरा." हमाल फिस्कन हसला, मीही हसले आणि गहू हलला. तीन वेळा मोजावं लागलं. शेवटी रिंग चौथ्या खाचेवर बसली, दोन्ही बाजूंना सारखी, आणि गाडी बरोब्बर तीन बोटं खाली आली.

संध्याकाळी एकटीनेच रिंग तीन खाचा उतरवून एक चक्कर मारली. (पाना कसा फिरवायचा हे त्यांनी माझ्याकडून दोनदा करून घेतलं होतं.) काय सांगू! गाडी वळणात शिरली ती सांगितल्यासारखी. जिकडे मी बघत होते तिकडे ती जात होती. मी हेल्मेटमध्ये मोठमोठ्याने हसत घरी आले आणि रिंग पुन्हा चौथ्या खाचेवर चढवून ठेवली.

वारजे ते भोर, शनिवार

बाबा शुक्रवारी सकाळी उतरले ते अंगात स्वेटर, वर कोट, गळ्यात मफलर अशा थाटात. पुण्याच्या थंडीची त्यांनी धास्तीच घेतली होती. मी त्यांना घरी आणलं आणि चहा व्हायच्या आत खाली नेऊन गाडी दाखवली. बाबांनी रिंगवर बोट फिरवलं, चेहऱ्यावर ओळखीचं माणूस भेटल्यासारखा भाव. "लहान वॅगनच होय ही," म्हणाले. त्या दिवशी मी त्यांना गाडीविषयी इतकं सांगितलं की त्यांच्याकडे नीट पाहायचं राहून गेलं. हे मला नंतर फार लागलं.

शनिवारी सातला निघालो. बाबांसाठी नवं हेल्मेट आणलं होतं. दोघांनी हेल्मेट घातलेलं पाहून वॉचमनने विचारलं, "मॅडम, लांब जाताय का पडणार आहात?"

कात्रजचा बोगदा ओलांडला आणि पुढे महामार्ग मोकळा मिळाला. ऊन कोवळं, हवा बोचरी, डाव्या-उजव्या हाताला डोंगर. बाबा आधी हात स्वतःच्या गुडघ्यांवर ठेवून सभेत बसल्यासारखे बसले होते. शिवापूरनंतर त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि कानाशी ओरडले, "साठच्या वर आहे का?" मी म्हटलं, हो. "मग जरा वाढव नं!"

कापूरहोळच्या अलीकडे पोहे घेतले. बाबांनी बशी फिरवून पाहिली. "यावर तर्री कुठं आहे?" नागपुरात पोह्यांवर झणझणीत लाल रस्सा ओततात, त्याशिवाय त्याला पोहे म्हणत नाहीत. हॉटेलवाला म्हणाला, "तर्री मिसळीवर असते. पोह्यांवर खोबरं असतं." बाबांनी अर्धी बशी संपवून बाजूला सारली. तर्रीच नाही, तर माणूस काय खाणार, असं मला वाटलं आणि उरलेले पोहे मी खाल्ले.

कापूरहोळला महामार्ग सोडून भोरच्या रस्त्याला लागलो आणि गाडीचं सोंग उघडं पडलं. इथे रस्ता अरुंद, कडा खचलेल्या, मधे खड्डे. पहिल्याच खड्ड्याला मागचं चाक उडालं. दुसऱ्याला बाबा सीटवरून हातभर वर गेले आणि माझ्या पाठीवर आदळले. एका डाव्या वळणावर तर मागचं चाक बाहेर सरकलं. खडकवासल्याचा टेम्पो डोळ्यांपुढे उभा राहिला.

"रिकाम्या वॅगनसारखी उडून राहिली तुझी गाडी," बाबा म्हणाले. आवाज हसरा, पण एक हात कमरेवर.

भोरच्या बाजारात गाडी थांबवून मी जोगळेकरांना फोन लावला. रागाने माझे कान गरम झाले होते. "काका, गाडी उडतेय! वडिलांची कंबर धरली. तुम्ही कसलं मोजमाप केलंत?"

"अडुसष्ट किलोचं," पलीकडून शांत आवाज. "गव्हाने तक्रार केली नव्हती."

"मग?"

"मग मोजमाप बरोबर आहे आणि माणूस चुकलाय. वजन करा त्यांचं." आणि फोन ठेवून दिला.

भोर

समोरच तांदळाच्या व्यापाऱ्याचं दुकान होतं. नवा आंबेमोहोर नुकताच आला होता, सगळी गल्ली त्या वासाने भरलेली. दुकानात पोती मोजायचा मोठा काटा होता. गल्ल्यावर एक पागोटेवाले आजोबा.

"आजोबा, एक वजन करायचं होतं."

"करू की. कुठला तांदूळ हाय?"

"तांदूळ नाही. माणूस आहे."

"मानूस बी व्हतंय. काटा समद्यांला सारखाच हाय."

बाबा मात्र दारातच थांबले. "काय करायचं आहे वजन? सांगितलं नं अडुसष्ट." मी म्हटलं, बाबा, चढा. "उशीर होऊन राहिला आपल्याला," ते म्हणाले. मी पुन्हा म्हटलं, बाबा, चढा. तेव्हा त्यांनी हळूहळू कोट काढला, मग मफलर. स्वेटरमधून मला पहिल्यांदा त्यांचे खांदे दिसले.

काटा एकावन्नवर थांबला.

आजोबांनी सवयीने मोठ्याने आकडा सांगितला, "एक्कावन!"

"अडुसष्ट कुठून आणलं, बाबा?"

"रिटायर झालो तेव्हाच्या मेडिकलला होतं," बाबा काट्यावरूनच म्हणाले. "वॅगनवर तिचं वजन रंगवलेलं असते. एकदा रंगवलं की कोणी पुन्हा मोजत नाही. तसंच होय ते."

दर रविवारी मी फोन करत होते. काय जेवलात, म्हणून विचारत होते. बाबा सांगायचे: आज वांग्याची भाजी, आज झुणका, आज वरणफळं. मी ऑफिसच्या कँटीनचं ताट पुढे घेऊन ऐकायचे आणि मला त्यांचा हेवा वाटायचा. आता काट्यासमोर उभी राहून लक्षात आलं, तो सगळा आईचा स्वयंपाक होता. बाबांना त्यातलं एकही करता येत नाही.

"खरं काय खाता?"

"सकाळी भात लावतो. कुकर छोटा मिळत नाही नं, जास्त होते. तोच संध्याकाळी." मफलरची घडी घालत म्हणाले, "कधी कधी संध्याकाळी नाही."

मला रडू आलं आणि रागही आला, दोन्ही एकदम. बाजारात उभी राहून मी बाबांवर ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा ओरडले. सतरा किलो! सतरा किलो बाप कमी झाला आणि मला ते गाडीने सांगावं लागलं! बाबा खाली मान घालून काट्यावर तसेच उभे. आजोबांनी आतून एक स्टूल आणलं आणि मला म्हणाले, "पोरी, आधी त्यांस्नी खाली तर उतरू दे."

मग त्यांनी आम्हाला जेवायलाच बसवलं. नव्या आंबेमोहोराचा मऊ भात, वर पिवळंधमक वरण, तुपाची धार आणि कांद्याची पात घालून केलेलं पिठलं. त्यांच्या घरच्या आजीबाई परातीशेजारी बसून वाढत होत्या आणि बाबांच्या "बस झालं"कडे त्यांचं मुळीच लक्ष नव्हतं. बाबा दोनदा भात घेऊन जेवले. विदर्भातलं वरण फिकं नसतं, असा शेराही त्यांनी मारला. तेवढ्याने माझ्या जिवात जीव आला.

निघताना मी सीटखालून पाना काढला, तर बाबांनी तो हातातून काढून घेतला. "हे माझं काम होय," म्हणाले. भर बाजारात गुडघ्यावर बसले. आजोबांना टेप धरायला लावला आणि आम्हा दोघांची बैठक मोजली. गाडी दोन बोटंही खाली येत नव्हती. बाबांनी रिंग एक खाच उतरवली, मोजलं, आणखी एक उतरवली. दुसरी खाच. पुन्हा मोजलं. तीन बोटं.

"रिकामी वॅगन जास्त उडते," रिंगवरची धूळ पुसत ते म्हणाले, माझ्याकडे न बघता. "अख्खी नोकरी त्यातच गेली. मला ठाऊक होतं, सुजू."

वरंधा घाट

आणि मग घाट! तुम्ही गेला नसाल तर सांगते, भोर सोडल्यावर बराच वेळ धरणाचं निळं पाणी रस्त्याच्या बरोबर चालत येतं. रस्ता त्याला वळसे घालत जातो. डावं वळण, उजवं वळण, झाडीतला बोगद्यासारखा अंधार, पुन्हा लख्ख पाणी. रस्ता काही चांगला नव्हता, खड्डे भोरच्या अलीकडे होते तेवढेच होते. पण आता प्रत्येक खड्ड्यात चाक उतरत होतं, त्याला भेटत होतं आणि वर येत होतं. वळणात गाडी टाकली की ती एका रेषेत शेवटपर्यंत जात होती. मला शीळ घालावीशी वाटत होती, ओरडावंसं वाटत होतं. मी ओरडलेही. मागून बाबा ओरडले, "काय झालं?" मी म्हटलं, काही नाही, मजा आली! "मग मी पण ओरडू का?" आणि माझे बाबा, जे घरात मोठ्याने शिंकतही नाहीत, ते वरंध्याच्या दरीत तोंड करून "ओ!" म्हणून ओरडले.

माथ्यावर वाघजाईच्या देवळापाशी भज्यांच्या टपऱ्या आहेत. समोर खोल दरी आणि पलीकडे कोकण, धुक्यात बुडालेलं. कांदाभजी कागदावर आली तोच एका माकडाने बाबांच्या हातातलं एक पळवलं. "घे बाप्पा," बाबा त्याला म्हणाले, "तूही वाळलेलाच दिसतोस." भजीवाल्या मावशींनी मला विचारलं, "गाडी तू चालवतीस? आन् ह्ये?" बाबांनी छाती काढून उत्तर दिलं, "मी मेकॅनिक आहो."

महाड

दुपारी महाडला पोहोचलो. डिसेंबर असूनही घामाच्या धारा लागल्या. बाबांचा स्वेटर अखेर पिशवीत गेला.

चवदार तळं गावाच्या मधोमध आहे. चहूबाजूंनी घरं, दुकानं, शाळेतून परतणारी मुलं. मला वाटलं होतं त्यापेक्षा ते मोठं निघालं आणि बाबांना वाटलं होतं त्यापेक्षा लहान. चपला काढून बाबा पायऱ्या उतरले. एक मध्यमवयीन गृहस्थ वर चढत होते, त्यांनी "जय भीम" म्हटलं, बाबांनी उलट म्हटलं. इथे काय घडलं ते मी सांगायला नको. ज्या पाण्याला हात लावायची आमच्या माणसांना बंदी होती, ते त्यांनी इथे येऊन हक्काने ओंजळीत घेतलं.

बाबांनी ओंजळ भरली.

"बाबा, पोट बिघडेल."

"बिघडू दे." आणि एक घोट प्यायले. तिथेच पायरीवर बसले. मग म्हणाले, "माझ्या बापानं हे नुसतं ऐकलं होतं. मी पेपरात फोटो पाहत होतो. तू मला गाडीवर घालून आणलं." मी घाटात घोकलेलं वाक्य तेव्हाच म्हणायला हवं होतं, पण ते राहूनच गेलं.

रात्री लॉजशेजारच्या खाणावळीत बाबांनी सुरमईचा तुकडा, दोन भाकऱ्या आणि वर भात खाल्ला. कोकणातल्या लोकांना तिखट कळत नाही असं म्हणून आणखी एक तुकडा मागितला.

परत

रविवारी घाट चढताना बाबा एकदाही ओरडले नाहीत. वाघजाईला पुन्हा भजी घेतली. अर्धी संपल्यावर ते म्हणाले, "सुजू, ते तिकीट कॅन्सल करायला स्टेशनवरच जावं लागते का?"

मी म्हटलं, कॉम्प्युटरवर होतं. ते म्हणाले, "मग तुझ्या त्या कॉम्प्युटरचा काहीतरी उपयोग कर नं."

आता तीन महिने होत आले. बाबा वारज्यातच आहेत. सकाळी जोगळेकरांच्या गॅरेजसमोर खुर्ची टाकून बसतात. दोघे एकमेकांशी फारसं बोलत नाहीत, तरी दोघांनाही जोडीदार मिळाला आहे. मी भाजी-पोळी शिकते आहे. पोळ्या अजून नकाशासारख्या होतात आणि बाबा त्यात कोणता जिल्हा आहे ते सांगून खातात.

परवा रविवारी त्यांना मागे बसवून मार्केट यार्डला कांदे आणायला गेले. येताना आमच्या सोसायटीच्या दारातल्या स्पीडब्रेकरवर गाडीचं स्टँड खर्रकन घासलं. मी दचकून थांबले. काय मोडलं म्हणून खाली उतरून पाहिलं, तर काहीच नाही. कांद्याची पिशवी उतरवून मी बाबांना पुन्हा बसवलं, स्वतः पुढे बसले आणि वॉचमनला टेप लावायला सांगितलं. गाडी चार बोटं खाली आली होती.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. ते उतरले, सीट उघडून पाना काढला आणि रिंग एक खाच वर चढवली. दोन्ही बाजूंना, सारखी. तिसरी खाच.

"चौथी अजून बाकी आहे," मी म्हटलं.

"हाव," बाबा पाना पुसत म्हणाले. "आज काय केलं आहे जेवायला?"